शिंकांच्या घरात छोटं कुत्रं आणताना

इंदूरमध्ये कुत्र्याच्या पिल्लाची चौकशी सुरू केली की दुसऱ्या-तिसऱ्या फोनलाच एक वाक्य कानावर पडतं, "दीदी, इस नस्ल में एलर्जी का टेंशन ही नहीं है." आमच्या घरी शिह त्झूचं पिल्लू आलं ते याच वाक्यावर विसंबून. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शिंका आणि नाक चोंदणं लहानपणापासूनचं, पण जात "अ‍ॅलर्जी न होणारी" आहे म्हटल्यावर आम्ही पुढे काही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचे डोळे लाल होऊ लागले. पाचव्या आठवड्यात रात्रीचा खोकला सुरू झाला आणि दहाव्या आठवड्यात पिल्लू देवासला माझ्या नणंदेकडे गेलं. तिथे ते दोन दिवस जेवलं नाही. इकडे मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

नंतर वर्षभर मी डॉक्टरांना, जनावरांच्या डॉक्टरांना आणि कुत्री पाळणाऱ्यांना विचारत राहिले, वाचत राहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपण जात निवडतो, पण घरात येतं ते एक विशिष्ट कुत्रं, आणि शिंकतो तो घरातला एक विशिष्ट माणूस. त्या दोघांचं जमतं की नाही, हे जातीच्या नावावरून कळत नाही. म्हणून या लेखात जातींची चर्चा चौथ्या पायरीवर आहे. थेट तिथे उडी मारू नका, एवढी विनंती.

पहिली पायरी: अ‍ॅलर्जी कशाची, ते कागदावर आणा

आपल्याकडे सगळ्या शिंकांना "धुळीची अ‍ॅलर्जी" म्हणून मोकळं होतात. त्या धुळीत काय काय असतं ते बघा. गाद्या-उशा-रजयांमध्ये राहणारे, डोळ्यांना न दिसणारे डस्ट माइट नावाचे जीव असतात. झुरळांचे अवशेष असतात, ओलसर भिंतीवरची बुरशी असते, मोकळ्या प्लॉटवर माजलेल्या गाजरगवताचे परागकण असतात. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यात गहू निघाला की हवेत भुसा उडतो, तोही असतो. यातलं कोणतं तुमच्या घरच्या माणसाला बाधतं, हे ठाऊक नसताना कुत्रं आणलं तर पुढची प्रत्येक शिंक कुत्र्याच्या नावावर जमा होते. किंवा उलट, खरंच कुत्र्याची असूनही "हवा बदलली आहे" म्हणून महिनोन् महिने अंगावर काढली जाते.

अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे त्वचेची चाचणी होते. हातावर वेगवेगळ्या द्रावणांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि 15 ते 20 मिनिटांत कुठे गांधी उठते ते बघतात. त्याआधी काही दिवस सर्दी-खाजेच्या गोळ्या, म्हणजे अँटिहिस्टामाइन, बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी येते. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा आणि आपल्या मनाने कोणतंही औषध थांबवू नका. गोळ्या थांबवणं शक्य नसेल तर रक्ताची चाचणी करता येते.

चाचणीचा कागद हातात आला की दोन गोष्टी समजून घ्या. कुत्र्यासमोर "पॉझिटिव्ह" लिहिलेलं असणं म्हणजे त्रास होणारच असं नाही. शरीर कुत्र्याच्या अंगातून येणाऱ्या, अ‍ॅलर्जी देणाऱ्या प्रथिनाला ओळखतं, एवढाच त्याचा अर्थ. काही जणांना तरीही काही होत नाही, काहींना खोलीत शिरताच होतं. दुसरी गोष्ट म्हणजे कुत्र्याची अ‍ॅलर्जी एकाच प्रकारची नसते. कुत्र्याच्या अंगातून येणारी अशी अनेक प्रथिनं आहेत. त्यातलं मुख्य 'कॅन एफ 1' लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात सापडतं. 'कॅन एफ 5' नावाचं दुसरं प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं आणि लघवीवाटे बाहेर पडून अंगाला लागतं. काही लोकांना फक्त या दुसऱ्याचीच अ‍ॅलर्जी असते. असं असेल तर मादी, किंवा नसबंदी केलेला नर, त्यांना सोसू शकतो. ही बारीक चाचणी मोठ्या प्रयोगशाळांमधून करून घेता येते. ती स्वस्त नसते, पण कुत्र्याची चाचणी पॉझिटिव्ह आली असेल आणि तरीही घरात कुत्रं हवंच असेल, तर तिचे पैसे वाचवू नका.

घरात दमा असलेलं कुणी असेल, मग ते मूल असो की आजी, आणि त्यांचा दमा आटोक्यात नसेल, तर इथेच थांबा. पंप वरचेवर लागत असताना, रात्री धाप लागत असताना कुत्रं आणून बघूया म्हणायचं नाही. आधी दमा ताब्यात आणा, छातीच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते नाही मानून चला.

दुसरी पायरी: केसांवरचा विश्वास काढून टाका

कमी केस गळतात म्हणजे अ‍ॅलर्जी कमी, हे ऐकायला इतकं पटतं की मीही पुढे दहा जणांना सांगितलं होतं. पण केस हे नुसतं वाहन आहे. त्रास देणारी प्रथिनं लाळेत, कातडीच्या सूक्ष्म कोंड्यात आणि लघवीत असतात. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे कण हवेत उडतात. हे कण इतके हलके असतात की बराच वेळ तरंगत राहतात, कपड्यांना चिकटतात आणि कपड्यांबरोबर शाळेत, बसमध्ये, कुत्रं कधीच न पाळलेल्या घरातसुद्धा पोचतात. केस अजिबात न गळणाऱ्या कुत्र्यालाही कातडी आणि जीभ असतेच.

हे मोजूनही बघितलं गेलं आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी कुत्रं असलेल्या 173 घरांतली धूळ तपासली. त्या घरांत मिळून 60 जातींची कुत्री होती. "अ‍ॅलर्जी न देणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत कॅन एफ 1 कमी सापडलं नाही. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधला अभ्यास आला. त्यात तर अशा जातींच्या केसांवर हे प्रथिन इतरांपेक्षा जास्तच निघालं, आणि पूडल त्यात वरच्या क्रमांकावर होतं. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्येही मोठा फरक दिसला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे शेवटचं.

लॅब्राडूडलची गोष्टही हेच सांगते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करण्याचं काम बघत होते. हवाई बेटावरच्या एका अंध बाईंना कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला अ‍ॅलर्जी होती. आधी पूडल वापरून बघितले, पण ते या कामाला उतरले नाहीत. शेवटी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिन्हींचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तेव्हा त्या बाईंच्या नवऱ्याला तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. आई तीच, बाप तोच, वीण तीच, आणि तीनातलं एक. कॉनरन यांनी जातीवर विश्वास न ठेवता एकेक पिल्लू तपासलं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

मग छोट्या, कमी केस गाळणाऱ्या कुत्र्याचा काहीच फायदा नाही का? आहे, पण वेगळा. अंगच लहान असल्यामुळे कोंडा आणि लाळ एकूण कमी. घरभर केसांचे पुंजके फिरत नाहीत, त्यामुळे ते प्रथिन कोपऱ्या-कोपऱ्यात पोचवलं जात नाही. आणि चार-पाच किलोचं कुत्रं मोरीत बादलीभर पाण्यात आठवड्यातून दोनदा धुता येतं, तीस किलोचा लॅब्राडॉर तसा धुता येत नाही. माझ्या मते लहान कुत्र्याची खरी सोय हीच.

तिसरी पायरी: शेजारी बसून बघा

हे करायला सोपं आहे, फुकट आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात. ज्या कुत्र्याचा विचार करताय त्याच्याबरोबर अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने बंद खोलीत निदान तासभर बसायचं. अंगणात किंवा गच्चीवर नाही, तिथे वाऱ्याने काहीच कळत नाही. त्याला मांडीवर घ्यायचं, कुरवाळायचं, हात चाटू द्यायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला चाटलं तिथे गांधी उठते का ते बघायचं. मग घरी यायचं आणि त्या दिवशीची संध्याकाळ-रात्र लक्षात ठेवायची, कारण काहींना त्रास लगेच होत नाही, चार ते आठ तासांनी होतो. असं वेगवेगळ्या दिवशी तीनदा तरी करा. पहिल्या भेटीत उत्साहाच्या भरात मुलं शिंकही दाबून धरतात, हे आईच्या नजरेने सांगते आहे. दमा असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा, आणि पंप जवळ ठेवून.

तीनही भेटी निभावल्या तर पुढची परीक्षा मोठी. कुणी ओळखीचे लग्नाला पुण्या-नागपूरला जाणार असतील तर त्यांचं छोटं कुत्रं आठ-दहा दिवस सांभाळायला घ्या. त्यांची सोय होते आणि तुम्हाला उत्तर मिळतं. घरातल्या प्रथिनाचं प्रमाण हळूहळू साचत जातं, म्हणून पहिले तीन दिवस बरे गेले यावर भाळू नका. आमच्या मुलीलाही पहिला आठवडा काहीच झालं नव्हतं.

पिल्लू विकत घेणार असाल तर एक युक्ती सांगते. पिल्लाच्या आईजवळ बसा, बाप तिथे असेल तर त्याच्याजवळही. दोन महिन्यांचं पिल्लू मुठीएवढं असतं, त्याच्यापासून होणारा त्रासही तेवढाच. वर्षभरात ते किती वाढेल, त्याचे पिल्लूपणाचे केस जाऊन मोठेपणाचे कसे येतील, याचा अंदाज आईजवळ बसून येतो. "आई दाखवता येणार नाही" असं जिथे सांगतात तिथून मी तरी पिल्लू घेणार नाही.

याच कारणासाठी मला दोन-तीन वर्षांचं, वाढ पूर्ण झालेलं कुत्रं घेणं जास्त शहाणपणाचं वाटतं. ते जसं आहे तसं समोर असतं. बदली झाली, घरात बाळ आलं, म्हणून लोक चांगली वाढवलेली कुत्री द्यायला काढतात. आपली गल्लीतली देशी कुत्रीही या यादीतून बाद करू नका. अंगाने आटोपशीर देशी मादी तीन भेटींच्या परीक्षेत उतरली, तर ती कुठल्याही महागड्या जातीइतकीच योग्य आहे. इथल्या उन्हाला ती सरावलेली असते, हे वर.

चौथी पायरी: आता जाती

इथे चाळणी अ‍ॅलर्जीची नाही, इंदूरच्या हवेची आणि तुमच्या घरच्या सवयींची लावा. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या पार जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या जातींना हेच नीट जमत नाही.

टॉय आणि मिनिएचर पूडल. कमी केस गळणाऱ्या छोट्या जातींमध्ये माझी पहिली पसंती यांना. नाक लांब असल्यामुळे उन्हाळा त्यातल्या त्यात सोसतो. अतिशय हुशार, पटकन शिकतात आणि म्हणूनच रिकामे बसले की भुंकून घर डोक्यावर घेतात. कुरळे केस गळत नाहीत, वाढत राहतात, दर चार ते सहा आठवड्यांनी कापावे लागतात. रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो, त्याखाली कातडी ओलसर राहते आणि कोंडा वाढतो. म्हणजे ज्या कारणासाठी पूडल घेतलं तेच कारण आपल्या आळसाने बुडतं. कानांत केस वाढतात, तिथेही लक्ष हवं.

शिह त्झू. इंदूरमध्ये हल्ली हेच सगळ्यात जास्त दिसतं. स्वभावाने गोड, लहान मुलांत मिसळणारं. पण नाक चपटं, अंगावर दाट केस आणि वर आपला उन्हाळा. दुपारी त्याला कूलरच्या किंवा एसीच्या खोलीत ठेवावंच लागेल. डोळे मोठे आणि उघडे, त्यांना इजा पटकन होते. घरात दिवसभर कुणी नसेल तर घेऊ नका.

ल्हासा आप्सो दिसायला शिह त्झूसारखा, पण मूळचा तिबेटातल्या मठांचा राखणदार. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला वेळ लावतो. चाळीसारखी वर्दळ असलेल्या घरात त्याची चिडचिड होते. शांत घरात उत्तम.

माल्टीज आणि यॉर्कशायर टेरिअर हे तीन-चार किलोचे जीव. छोट्या फ्लॅटला चांगले, पण पाच वर्षांखालचं मूल असेल तर नको. मुलाच्या हातून पडलं तरी हाड मोडतं. दोघांचेही दात लवकर बिघडतात. यॉर्कीची श्वासनलिका नाजूक असते, तेव्हा गळ्यात पट्टा अडकवून ओढण्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरा.

मिनिएचर श्नॉझर मला फार आवडतो. काटक, जागरूक, दाढी-मिशांचा. पण त्याच्या जातीत रक्तातली चरबी वाढण्याची आणि स्वादुपिंडाला सूज येण्याची प्रवृत्ती असते. ज्या घरात सकाळी पोह्यांवर आणि संध्याकाळी वरणभातावरही शेव पडते आणि आजोबा हळूच टेबलाखाली कचोरीचा तुकडा सोडतात, त्या घरात श्नॉझर आणू नका. आजोबा बदलत नाहीत.

बिशॉ फ्रिझे हे नावही यादीत ऐकाल. पांढराशुभ्र, आनंदी, पण केसांची निगा पूडलइतकीच आणि कातडीच्या तक्रारी बऱ्याच. कुत्र्याची कातडी खाजली की कोंडा वाढतो, हे अ‍ॅलर्जीच्या घराने लक्षात ठेवावं.

लहान असूनही टाळा असं मी सांगेन ते पॉमेरेनियन (आपल्याकडे या नावाने दिलं जाणारं बरेचदा इंडियन स्पिट्झ असतं), पग आणि बीगल. पॉमला दुहेरी केस असतात आणि वर्षातून दोनदा कापूस पिंजल्यासारखे गळतात. पगचे केस आखूड म्हणून लोक फसतात. ते वर्षभर गळतात, सोफ्यात सुईसारखे रुततात, शिवाय नाक सगळ्यांत चपटं.

"टीकप" नावाने काही दाखवलं तर तिथून निघा. अशी कोणती मान्यताप्राप्त जात नाही. अतिलहान पिल्लांची साखर अचानक उतरते, हाडं कच्ची असतात आणि तो जीव आयुष्यभर दवाखान्यात जातो.

पाचवी पायरी: घेताना

कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. वंशावळीचे कागद केनेल क्लब ऑफ इंडियाचे असतात. ते शुद्ध जातीबद्दल सांगतात, अ‍ॅलर्जीबद्दल काहीही सांगत नाहीत.

पिल्लू घरी नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. शहरात खासगी दवाखाने भरपूर आहेत. महूला, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर, 1955 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कातडीचा गुंतागुंतीचा आजार असेल तर तिथल्या डॉक्टरांचाही सल्ला घेता येतो. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंतांचं औषध वेळापत्रकाप्रमाणे. नर घेत असाल तर नसबंदीचं योग्य वय विचारून ठेवा. पहिल्या पायरीत कॅन एफ 5 निघालं असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी ऐच्छिक नाही.

सहावी पायरी: घर आधी, कुत्रं नंतर

झोपायची खोली कुत्र्याला कायम बंद. या एका नियमात मी कधी सूट दिली नाही, तुम्हीही देऊ नका. माणूस सात-आठ तास जिथे श्वास घेतो ती जागा स्वच्छ राहिली, तर उरलेल्या दिवसाचा भार शरीर पेलतं. पहिल्या रात्री पिल्लू दारावर रडेल, मुलं रडतील. दार उघडू नका. एकदा गादीवर चढलेलं कुत्रं खाली उतरवणं दोघांनाही अन्याय वाटतो.

त्या खोलीतल्या गादी-उशांना माइट रोखणाऱ्या खोळी घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. रजया पेटीतून काढल्या की ऊन दाखवूनच वापरा. हे कुत्र्यासाठी नाही, माइटसाठी आहे. पण शरीर सगळ्या अ‍ॅलर्जींचा हिशेब एकत्र करतं. माइटचं ओझं उतरलं तर कुत्र्यासाठी थोडी जागा उरते. कूलरचं पाणी आणि गवताच्या जाळ्याही याच हिशेबात येतात. शिळं पाणी आणि शेवाळलेली जाळी म्हणजे बुरशीची हवा खोलीत सोडणं. देवघरातला धूप आणि उदबत्ती त्रास होणारा माणूस बसतो त्या खोलीत नको. सासूबाईंनी आमच्याकडे उदबत्तीऐवजी नुसती समई ठेवायला सुरुवात केली, न सांगता.

गालिचे गुंडाळून ठेवा. कोरडा झाडू कण उडवतो, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा फिल्टरचंच घ्या. तो 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. पण ते झोपायच्या खोलीत लावा, बैठकीत पाहुण्यांना दिसेल असं नको.

अंघोळ. 1999 मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की कुत्र्याला धुतलं की त्याच्या अंगावरचं प्रथिन चांगलंच उतरतं, पण काही दिवसांत पुन्हा पूर्वीइतकं होतं, म्हणून आठवड्यातून दोनदा धुवायला हवं. कोमट पाणी आणि कुत्र्यांचा सौम्य शाम्पू वापरा. आपला शाम्पू किंवा साबण नको, त्याने कातडी कोरडी पडते आणि कोंडा वाढतो. कातडी सोलवटू लागली तर एक अंघोळ कमी करून मधे ओल्या फडक्याने पुसून काढा. हिवाळ्यात दुपारी उन्हात, आणि अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत पुसा. धुणं आणि विंचरणं अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने, घराबाहेर, ओट्यावर किंवा गच्चीत करायचं. आमच्याकडे हे काम यांच्याकडे आहे.

पिसवा, गोचिडी, बुरशीचे चट्टे यांवर लगेच उपचार करा. खाजणारं कुत्रं सतत चाटतं आणि ओरबाडतं, म्हणजे लाळही जास्त, कोंडाही जास्त. खाण्याचंही तसंच. कांदा, लसूण, द्राक्षं-मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी. कांदा घातलेले पोहे प्रेमाने भरवणारे पाहुणे आपल्याकडे खूप असतात, त्यांना दारातच सांगा.

सातवी पायरी: पहिले तीन महिने

कुत्रं आणायची तारीख विचार करून ठरवा. दिवाळीच्या साफसफाईचा आठवडा नको, फटाक्यांचे दिवस नकोत, आणि होळी ते रंगपंचमी तर नकोच. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, निघाली की गुलाल आठवडाभर घराघरांत सापडतो, आणि त्या दिवसांत अख्खं इंदूर शिंकत असतं. त्यात तुमच्या मुलाची शिंक कशाची, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पावसाळा सरल्यावरचे, दिवाळीआधीचे दोन-तीन आठवडे, किंवा जानेवारीचा शेवट मला बरा वाटतो.

कॅलेंडरवर रोज चार खुणा करा. शिंका किती, डोळे कसे, रात्री खोकला आला का, औषध किती लागलं. आठवणीवर विसंबू नका. कुत्र्यावर जीव जडलेलं मूल खोटं बोलतं, आणि आपणही. खेळून झालं की हात धुणं, झोपण्याआधी कपडे बदलणं, शाळेच्या गणवेशात कुत्र्याला न कवटाळणं, तोंड चाटू न देणं, हे पहिल्या दिवसापासून. नाकाचा फवारा किंवा गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर नियमाने घ्या. डॉक्टर इंजेक्शनांचा किंवा जिभेखालच्या थेंबांचा दीर्घ उपचार सुचवतील. तो साधारण तीन ते पाच वर्षं चालतो, तेव्हा लगेच गुण येईल अशी आशा धरू नका.

छातीत घरघर, रात्रीची धाप, पंपाची गरज वाढणं, यांतलं काहीही दिसलं तर तीन महिने पुरे करायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि कुत्रं आणण्याआधीच एक घर ठरवून ठेवा, जिथे गरज पडली तर ते जाईल. नाव पक्कं, त्यांचा होकार पक्का. आमच्या पहिल्या पिल्लाला नणंदेचं घर ऐनवेळी मिळालं, हे आमचं नशीब. कुत्रं गेल्यावरही प्रथिन घरात काही महिने टिकतं, हे लक्षात असू द्या. आठ दिवसांत शिंका थांबल्या नाहीत म्हणून "कुत्र्याचा दोष नव्हताच" असं ठरवून ते परत आणू नका. गाद्या, पडदे, सोफ्याच्या खोळी सगळं धुऊन घेतल्यावरही आमच्याकडे मुलीचं नाक मोकळं व्हायला चौथा महिना उजाडला.

दुसऱ्यांदा आम्ही दीड वर्ष थांबलो. मुलीच्या चाचणीत डस्ट माइट जोरात आणि कुत्रं मध्यम निघालं. चार कुत्र्यांजवळ ती बसून आली. दोघांपाशी डोळे लाल झाले, आणि त्यातलं एक पूडल होतं. एकापाशी काहीच झालं नाही, पण ते कुटुंब शेवटी द्यायला तयार झालं नाही. चौथी चार वर्षांची, नसबंदी झालेली, पूडल आणि आणखी कशाचा तरी संकर असलेली मादी. बदलीवर निघालेल्या एका घरातून दहा दिवसांसाठी आली. नवव्या दिवशी मी त्यांना फोन केला. रविवारी आणि बुधवारी तिची अंघोळ असते. रात्री ती मुलीच्या खोलीच्या बंद दाराबाहेर पायपुसण्यावर झोपते, आणि सकाळी दार उघडलं की मुलगी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि मग मोरीत जाऊन हात धुते.